आकाशवाणीवर गावाचा इतिहास सांगताना: सीमाभागातील नवोदित अभ्यासकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात स्थानिक इतिहासाचे काम करणारी बहुतेक मंडळी विद्यापीठातली नसतात. कोणी शाळेत मास्तर असते, कोणी निवृत्त तलाठी, कोणी देवस्थानच्या पंच कमिटीवर असते, तर कोणाच्या घरी वडिलोपार्जित मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, असल्यामुळे ते या नादाला लागलेले असते. अशा अभ्यासकाला एखाद्या दिवशी रेडिओ केंद्राकडून विचारणा होते, आणि मग वीस वर्षे जमवलेले सगळे पंधरा मिनिटांत कसे सांगायचे, हा प्रश्न उभा राहतो. हे टिपण अशा पहिल्यांदा माइकसमोर बसणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. छापील लेखाचा वाचक अडला तर मागचे पान उलटतो, तळटीप पाहतो, शंका आली तर खूण करून ठेवतो. रेडिओच्या श्रोत्याला यातले काहीही करता येत नाही. त्यामुळे कोणती गोष्ट शिलालेखातली, कोणती कागदातली आणि कोणती गावात चालत आलेली, हे त्याला बोललेल्या वाक्यातच ऐकू आले पाहिजे. ज्या प्रदेशात एकाच किल्ल्याचा इतिहास दोन भाषांत आणि अनेकदा दोन तऱ्हांनी सांगितला जातो, तेथे ही काळजी घेणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गरजेतून आलेल्या आहेत.

होकार देण्यापूर्वी

आमंत्रण आले की केंद्राकडून काही गोष्टी नीट विचारून घ्याव्यात. कार्यक्रम लिहून आणलेल्या भाषणाचा आहे, मुलाखतीचा आहे की श्रोत्यांच्या फोनचा? ध्वनिमुद्रण आधी होणार की थेट प्रसारण? प्रत्यक्ष बोलण्यासाठी किती मिनिटे मिळणार? पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात सुरुवातीची धून, निवेदन आणि एखादे गाणे वजा जाता पाहुण्याच्या वाट्याला बरेच कमी येते, हे आधी कळलेले चांगले.

कार्यक्रम ऐकणार कोण, हेही विचारावे. निपाणी-चिकोडीकडच्या मराठी घरांत सांगली आणि कोल्हापूर या केंद्रांचे कार्यक्रम ऐकले जातात. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र प्रामुख्याने कन्नड श्रोत्यांचे आहे. बेळगाव शहरात केएलई संस्थेचे वेणुध्वनी हे सामुदायिक केंद्र आहे. सामुदायिक केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे शंभर वॅटपर्यंत मर्यादित असते आणि त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पोहोचतो. याचा अर्थ असा की तेथे अनगोळ, वडगाव, हिंडलगा ही नावे नुसती घेतली तरी पुरतात, पण सांगली किंवा कोल्हापूर केंद्रावरून तेच सांगताना मिरजेच्या किंवा गडहिंग्लजच्या श्रोत्याला ही ठिकाणे कोठे आहेत, हे एका अर्ध्या वाक्यात सांगावे लागते.

विषय लहान करणे

‘बेळगावचा इतिहास’ हा रेडिओसाठी विषय होऊ शकत नाही. कदंब, रट्ट, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज असा क्रम पंधरा मिनिटांत म्हणून दाखवता येतो, परंतु ऐकणाऱ्याच्या हाती राजघराण्यांच्या यादीपलीकडे काही लागत नाही. त्याऐवजी एखादी वास्तू घ्यावी, एखादा प्रसंग किंवा एखादी पेठ घ्यावी, आणि तिच्यामागे जेवढा काळ उलगडेल तेवढाच उलगडू द्यावा.

आपल्या भागात अशा विषयांना तोटा नाही. शहापूरचेच पाहा. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांच्या अमलाखाली होते. बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि शहर कंपनी सरकारचे झाले, तरी शेजारच्या विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेठेत राज्य संस्थानिकाचे, म्हणजे न्यायालय वेगळे आणि कर वेगळे. या एका वस्तुस्थितीवर एक संपूर्ण कार्यक्रम उभा राहू शकतो, कारण शहापुरातल्या जुन्या घरांतून अजूनही संस्थानी काळाच्या आठवणी निघतात. त्याचप्रमाणे १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचा विषय घ्यायचा झाल्यास सगळी राष्ट्रीय चळवळ सांगत बसू नये. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरला टिळकवाडी भागात भरले आणि बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची व्यवस्था पाहिली, एवढे सांगून थेट त्या विहिरीकडे यावे. अधिवेशनाला येणाऱ्या हजारोंना पाणी पुरवण्यासाठी खोदलेली ती काँग्रेस विहीर रोज तिच्यावरून जाणाऱ्या श्रोत्याला ठाऊक असते, पण ती तेथे का आहे, हे सगळ्यांना ठाऊक नसते. याच अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायले होते, ही माहिती तर कानाने ऐकण्याच्या माध्यमासाठीच आहे असे वाटते.

संहितेच्या समासात चार अक्षरे

विषय ठरला की बोलायचा मजकूर लिहून काढावा, मुलाखत असली तरी लिहून काढावा. त्यानंतर जे काम करायचे ते सर्वांत महत्त्वाचे असून नवोदित मंडळी तेच टाळतात. कागदाच्या डाव्या समासात प्रत्येक विधानापुढे एक अक्षर घालावे. विधान शिलालेखातून किंवा ताम्रपटातून आलेले असेल तर ‘शि’, दप्तरातील कागदातून किंवा छापील साधनातून आलेले असेल तर ‘का’, गावात तोंडी चालत आलेले असेल तर ‘तों’, आणि आपण स्वतः बांधलेला अंदाज असेल तर ‘त’, म्हणजे तर्क. ज्या विधानापुढे कोणतेच अक्षर घालता येत नाही, ते विधान आपण कोठेतरी ऐकलेले असते आणि त्याचा उगम आपल्यालाच माहीत नसतो. असे विधान कितीही आकर्षक असले तरी कापून टाकावे.

या अक्षरांचा खरा उपयोग पुढे होतो, कारण प्रत्येक अक्षराचे बोलण्यातले क्रियापद वेगळे आहे. ‘शिलालेखात असे लिहिले आहे’, ‘कागदात अशी नोंद सापडते’, ‘गावात असे सांगतात’, ‘मला असे वाटते’ ही चार क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘असे म्हटले जाते’ हे सर्वांच्या सवयीचे वाक्य तर टाळलेलेच बरे, कारण कोण म्हणते ते त्यातून कधीच कळत नाही. गावातल्या आजीने सांगितले असेल तर ‘आमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून मी हे ऐकले’ असे सरळ सांगावे. तोंडी परंपरेचा त्यात अपमान होत नाही. उलट, ती परंपरा आहे असे सांगितल्यानेच तिला तिची योग्य जागा मिळते.

एक उदाहरण जवळून पाहू. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती, म्हणजे जुने जैन मंदिर, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. तेथील जिनालयाशी संबंधित मानले जाणारे कन्नड शिलालेख सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ते ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेख छापणाऱ्या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात प्रसिद्ध झालेले आहेत. रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य वेणुग्रामात, म्हणजे बेळगावात, राज्य करीत असताना त्याच्या बीचिराज या मंत्र्याने उभारलेल्या रट्ट जिनालयाला दिलेल्या दानांची नोंद त्यांत आहे. हे सगळे ‘शि’. शिलालेखातील रट्ट जिनालय म्हणजे आज उभी असलेली कमल बस्तीच, हे मात्र अभ्यासकांनी जुळवलेले आणि सामान्यतः मान्य झालेले मत आहे, म्हणजे ‘का’ आणि ‘त’ यांच्या मधले. बोलताना हा सांधा झाकू नये. ‘हीच ती बस्ती असे अभ्यासक मानतात’ एवढे सहा शब्द पुरतात.

याच लेखात तारखेचा एक धडाही आहे. लेखातील वर्ष शक ११२७ आहे, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव) रक्ताक्षी आणि महिना पौष. शकात ७८ मिळवण्याच्या सवयीने हिशेब केला तर इसवी सन १२०५ येते, आणि महिना पौष म्हणून ७९ मिळवले तर १२०६. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. येथे दिलेले शकवर्ष चालू वर्ष आहे, सरलेले नव्हे, म्हणून हिशेबाआधी त्यातून एक वजा करावा लागतो, आणि रक्ताक्षी संवत्सराशी ताळा घेतला की तारीख डिसेंबर १२०४ मध्ये पडते. इतका तपशील रेडिओवर सांगायचा नसतो. तेथे ‘बाराशे चार’ एवढेच सांगावे, पण ते सांगण्याआधी घरी हा हिशेब झालेला असावा. संवत्सराचे नाव लेखात असेल तर त्याचा ताळा घेतल्याशिवाय कोणतेही साल माइकवर उच्चारू नये.

साधने शोधताना भाषेची अडचण येते आणि ती मान्य करून पुढे जावे लागते. आपल्या भागातील मध्ययुगीन शिलालेख बहुतांशी जुन्या कन्नडमध्ये आहेत, हलशीला मिळालेले कदंबांचे ताम्रपट संस्कृतात आहेत, किल्ल्यातील सफा मशिदीवरचा, असद खान या आदिलशाही सरदाराचे नाव असलेला लेख फारसीत आहे, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले वतनाचे, इनामाचे कागद मोडीत आहेत. एकाच माणसाला हे सगळे वाचता येईल अशी अपेक्षा नाही. परंतु जुने कन्नड वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराशी ओळख ठेवल्याशिवाय सीमाभागाचा इतिहास सांगायला बसणे मला पटत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील कन्नड संशोधन संस्थेत याबाबत मदत मिळू शकते. मोडी दप्तरांसाठी कोल्हापूरचे आणि पुण्याचे पुराभिलेखागार आहे. बेळगावचे १८८४ चे इंग्रजी गॅझेटियर सर्वांच्या हाताशी असते आणि ते उपयोगीही आहे. मात्र त्यातली पुष्कळ माहिती त्या काळच्या अधिकाऱ्यांनी गावोगाव विचारून लिहिलेली असल्याने, ‘गॅझेटियरमध्ये आहे’ म्हणजे सिद्ध झाले असे समजू नये. तेथेही ते वाक्य ‘शि’चे की ‘तों’चे, हे पाहावे लागते.

कानासाठी लिहिणे

सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे मराठी शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांच्या भाषणाला हजार-अकराशे शब्द पुरेसे आहेत. नवोदित अभ्यासक बहुधा याच्या दुप्पट लिहून नेतो आणि मग शेवटची पाने धावत वाचतो. घरी घड्याळ लावून, मोठ्याने, उभे न राहता बसून वाचावे, कारण स्टुडिओत बसूनच बोलायचे असते. वेळ जास्त होत असेल तर वेग वाढवू नये, एखादा प्रसंगच काढावा.

लेखी वाक्य आणि बोलण्याचे वाक्य यांतला फरक पुन्हा कमल बस्तीवरच दाखवतो. लेखात आपण असे लिहू: ‘वेणुग्राम येथे राज्य करणाऱ्या रट्टवंशीय चतुर्थ कार्तवीर्याच्या बीचिराज नामक अमात्याने उभारलेल्या जिनालयास इसवी सन १२०४ मध्ये दिलेल्या भूदानाचा उल्लेख सदर शिलालेखात आढळतो.’ वाचताना हे चालते. ऐकताना कर्ता कोण, दान कोणाला आणि लेख कोणता, हे सगळे शेवटच्या क्रियापदापर्यंत लक्षात ठेवावे लागते आणि तोवर श्रोता सुटतो. रेडिओवर तेच असे सांगावे: ‘बेळगावच्या किल्ल्यात एक जुने जैन मंदिर आहे. आपण त्याला कमल बस्ती म्हणतो. आत जाऊन मान वर केली की छतात दगडाचे कमळ उमललेले दिसते. आठशे वर्षांपूर्वी येथे रट्ट नावाचे घराणे राज्य करीत होते. त्यांच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने एक जिनालय बांधले. त्याला जमिनी दान दिल्या गेल्या आणि त्याची नोंद दगडावर कोरून ठेवली गेली. तो दगड आज लंडनला आहे. ते जिनालय म्हणजेच आपली ही बस्ती, असे अभ्यासक मानतात.’ शब्द वाढले आहेत, पण एकही वाक्य श्रोत्याला मागे वळायला लावत नाही, आणि कोणती गोष्ट दगडावर कोरलेली व कोणती अभ्यासकांनी मानलेली, हेही जाता जाता ऐकू येते.

सालांच्या बाबतीत कंजूष असावे. एका कार्यक्रमात दोन, फार तर तीन साले ठेवावीत आणि बाकी ठिकाणी ‘त्यानंतर पन्नासेक वर्षांनी’ असे सांगावे. एकाच नावाचे अनेक राजे असतील, रट्टांत तसे कार्तवीर्य आहेतच, तर एकालाच ठेवून इतरांची नावे घेऊ नयेत. नावांच्या उच्चारांकडेही लक्ष द्यावे. राणी चन्नम्माच्या कित्तूरच्या पहिल्या लढाईत, २३ ऑक्टोबर १८२४ रोजी, मारला गेलेला इंग्रज अधिकारी सेंट जॉन थॅकरे याचे आडनाव घाईत उच्चारले तर मराठी श्रोत्याला ते ‘ठाकरे’ असे ऐकू येते आणि त्याचा भलताच गोंधळ उडतो. तेथे ‘धारवाडचा इंग्रज कलेक्टर’ असे आधी सांगून मग नाव घ्यावे. कन्नड नावे कन्नड माणसाकडून म्हणवून घेऊन पाठ करावीत. कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या रायण्णाच्या गावाचे नाव संगोळ्ळी. त्यातला दुहेरी ळ चुकवला तर बैलहोंगलचा श्रोता पुढचे काही मनावर घेणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

दोन भाषांचा इतिहास आणि सीमाप्रश्न

आपल्या भागात बोलताना हा विषय टाळता येत नाही, आणि टाळूही नये. पण त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. आकाशवाणीच्या प्रसारण संहितेनुसार धर्मावर किंवा समाजावर हल्ला, बदनामी, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, नाव घेऊन एखाद्या पक्षावर हल्ला, तसेच केंद्रावर किंवा कोणत्याही राज्यावर वैरभावाची टीका प्रसारित करता येत नाही. सामुदायिक केंद्रांना तर स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत. सीमावादाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला असल्याने त्याच्या निकालाविषयी भाकीत करणे पाहुण्याने कटाक्षाने टाळावे.

या चौकटीत राहूनही सांगण्यासारखे भरपूर उरते, आणि ते अचूक सांगितले तर तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. उदाहरणार्थ, ‘१९५६ साली बेळगाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेले’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते बरोबर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्या दिवसापासून तो म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, आणि म्हैसूर राज्याला कर्नाटक हे नाव १९७३ साली मिळाले. त्याही मागे जाऊन पाहिले तर बेळगाव हा स्वतंत्र जिल्हाच १८३६ साली धारवाडपासून वेगळा काढून केलेला आहे. १९४६ च्या बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६७ साली आला. यांतील प्रत्येक गोष्ट नोंदलेली आहे आणि ती कोणत्याही बाजूच्या श्रोत्यासमोर निर्धास्तपणे सांगता येते. आपल्या माणसांनी या प्रश्नापायी जे सोसले आहे, त्याच्याविषयी मनात ओलावा असणारच. पण तो व्यक्त करायचा तर त्या माणसांच्या आठवणी त्यांच्या नावाने आणि त्यांच्या संमतीने सांगाव्यात, इतिहासाच्या वाक्यात मिसळू नयेत.

शहराचे नाव कोणते घ्यावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सरकारदरबारी २०१४ पासून बेळगावी हे नाव आहे आणि केंद्राचा निवेदक तेच वापरील. पाहुण्याने ऐतिहासिक संदर्भात त्या त्या काळच्या साधनांतले नाव घ्यावे, म्हणजे रट्टांच्या काळासाठी वेणुग्राम, आणि आजच्या शहराबद्दल बोलताना केंद्राची पद्धत आधी विचारून घ्यावी.

ज्या विषयात दोन्ही भाषांची माणसे एकाच स्मृतीभोवती जमतात, असे विषय पहिल्या कार्यक्रमासाठी मला विशेष योग्य वाटतात. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिले ते नंदगडला, खानापूर तालुक्यात, जेथे घरोघरी मराठी बोलली जाते. त्याच्या पराक्रमाची गाणी मात्र कन्नडमध्ये आहेत. नंदगडच्या मराठी माणसाने या स्थळाची जपलेली आठवण आणि कन्नड गाण्यांतला रायण्णा शेजारी शेजारी ठेवले, आणि इंग्रजांच्या कागदांत काय आहे तेही सांगितले, तर श्रोत्याला एकाच घटनेच्या तीन साधनांची ओळख होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, हाही असाच दोन्ही बाजूंना जिव्हाळ्याचा विषय आहे.

स्टुडिओत

येथे फारसे सांगण्यासारखे नाही, कारण केंद्रातील माणसे सगळे समजावून सांगतात. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. कागद एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, टाचणी न लावता न्यावेत, म्हणजे पान सरकवताना आवाज होत नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि बोलताना मान वळवू नये. मोबाइल बाहेर ठेवावा. हातातल्या बांगड्या, कडे, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवाव्यात. वाक्य अडखळले तर ध्वनिमुद्रणात ते पूर्ण वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणावे, मधल्या शब्दापासून जोडू नये, म्हणजे संपादन करणाऱ्याला सोपे जाते.

श्रोत्यांचे फोन आले तर

थेट कार्यक्रमात खरी परीक्षा येथे होते. फोन करणाऱ्याला बहुधा आपल्या गावाविषयी काही विचारायचे असते आणि त्याला वाटत असते की पाहुण्याला ते माहीत असणार. ‘सर, आमच्या वेशीत एक घोड्यावरचा दगुड आहे बघा, शिवाजी महाराजांच्या काळातला म्हणतात, खरं की काय?’ अशा तऱ्हेचा प्रश्न हमखास येतो. दगड न पाहता त्याला होय म्हणणे हा इतिहासाशी अन्याय आहे, आणि नाही म्हणणे हा त्या माणसाशी. त्याला उलट विचारावे: दगडावर किती थर आहेत? खालच्या थरात लढाई, मधल्या थरात वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वर पिंडीची पूजा अशी रचना आहे का? वरच्या टोकाला चंद्र-सूर्य आहेत का? असतील तर ती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड, आहे, आणि आपल्या भागातल्या पुष्कळ वीरगळी शिवकालाच्या बऱ्याच आधीच्या आहेत, एवढे सांगता येते. त्यावर अक्षरे असतील तर चुना किंवा शेंदूर न लावता सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढून केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, असे सांगावे. या उत्तरातून त्या श्रोत्याबरोबर इतर शंभर जणांनाही आपल्या वेशीतला दगड कसा पाहायचा ते कळते.

एखादा फोन चिडलेल्या सुरातही येतो. अमुक राजा आमच्या जातीचा, अमुक देऊळ पाडून तमुक बांधले, असे ठाम विधान ऐकवले जाते आणि त्याला होकार मागितला जातो. त्या वेळी समासातली चार अक्षरे आठवावीत आणि शांतपणे विचारावे, ‘हे आपल्याला कोणत्या लेखात किंवा कागदात मिळाले?’ साधन सांगितले गेले तर टिपून घ्यावे. नाही सांगितले गेले, तर ‘ही आपल्याकडची तोंडी माहिती म्हणून मी नोंदवून घेतो’ असे म्हणून पुढच्या फोनकडे जावे. वाद घालू नये आणि खोटी मान डोलवू नये.

प्रसारण झाल्यानंतर

आपल्या कार्यक्रमाची ध्वनिफीत केंद्राकडे रीतसर मागून ठेवावी आणि तिच्यासोबत समासातल्या अक्षरांसकट मूळ संहिता जपून ठेवावी. पुढे कोणी आपल्या बोलण्याचा हवाला दिला तर काय शिलालेखातले होते आणि काय आपला तर्क होता, हे दाखवता आले पाहिजे. चुकीचे साल गेले असेल तर केंद्राला लेखी कळवून पुढच्या भागात दुरुस्ती वाचून दाखवण्याची विनंती करावी. केंद्रे ती सहसा मान्य करतात.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत घरातले जुने कागद दाखवायला माणसे येतात. एखाद्या वाड्याच्या माडीवरचा मोडीचा रुमाल, देवळातला ताम्रपट, आजोबांची सनद. अशा वेळी मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत, कितीही आग्रह झाला तरी. त्यांच्याच घरी, त्यांच्यासमोर, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पाने सुटी करताना जुना दोरा कापू नये, गाठ सोडवावी. चिकटलेली पाने ओढून वेगळी करू नयेत आणि कशालाही टेप लावू नये. रुमालातला कागदांचा क्रम जसा आहे तसाच ठेवावा, कारण पुष्कळदा त्या क्रमावरूनच कोणता कागद कोणत्या तंट्यातला ते कळते. फोटोंवर घराचे नाव न घालता गाव, तारीख आणि पानाचा क्रमांक घालावा, आणि त्यांची एक प्रत त्या घरातल्याच एखाद्या शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर त्याच बैठकीत देऊन निघावे.